घाटातला ब्रेक आणि सिलिंडरचे माप

आपला बुलढाणा जिल्हा म्हणजे एक दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर, बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावे वसली आहेत. खालच्या मजल्यावर पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव. या दोन मजल्यांमधले जिने म्हणजे आपले घाट. बुलढाण्याहून मोताळ्यामार्गे मलकापूरकडे निघाले की राजूरचा घाट उतरावा लागतो. खामगावकडे निघाले तर ज्ञानगंगेच्या अभयारण्यातून बोथ्याचा घाट. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला, शेगावच्या दर्शनाला जाणारा आपल्यापैकी प्रत्येकजण या जिन्यांवरून कधी ना कधी खाली गेलेला आहे.

घाट चढताना काळजी असते ती इंजिनाची. उतरताना काळजी असते ती ब्रेकची. इंजिनाने दम सोडला तर गाडी उभी राहते, एवढेच. ब्रेकने दम सोडला तर काय होते, ते सांगावयास नको. तरीही आपण इंजिनाची चौकशी दहा वेळा करतो आणि ब्रेकची एकदाही करीत नाही. म्हणून आज ब्रेकविषयी, आणि त्यातही एका लहानशा भागाविषयी, थोडे सविस्तर बोलावयाचे आहे. तो भाग म्हणजे ब्रेकचा सिलिंडर. त्याचे माप ज्वारीच्या एका दाण्याइतके चुकले, तर गाडीचा सारा स्वभाव बदलतो. तो कसा बदलतो, ते आपण हिशेबाने पाहू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. एस. टी.ची मोठी बस आणि मोठा ट्रक यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. त्यांची गोष्ट वेगळी. आज बोलावयाचे आहे ते तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकविषयी. जीप, लहान मोटार, प्रवासी गाडी, हे सारे या वर्गात येतात. आणि विशेषतः जुन्या गाड्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि ती जीप खेड्यापाड्यांत पोहोचली. कुर्ल्याला फियाट मोटारी तयार होत, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसडर. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. जुन्या बांधणीची जीपही आता कारखान्यातून निघत नाही. परंतु या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. कोणी पोटासाठी चालवतो, कोणी हौसेने जपतो. त्यांचे मूळ सुटे भाग सहज मिळत नाहीत, आणि तेथूनच "जे मिळेल ते बसवा" हा प्रकार सुरू होतो.

आता विचार करा. माणसे धरून दीड हजार किलो वजनाची जीप आहे. घाटमाथ्यापासून खोऱ्यापर्यंत तीनशे मीटरची उंची ती उतरते असे धरू. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे ४४ लाख ज्यूल भरते. ही ऊर्जा नाहीशी होत नाही. ड्रायव्हरने केवळ ब्रेकवर गाडी उतरवली, तर त्यातली बहुतेक ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन बसते. किती उष्णता? साधे २५ अंशांचे १४ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी आपल्या चार चाकांच्या ड्रमांनी मिळून एक हंडाभर आंघोळीचे पाणी कडकडीत तापविलेले असते, आणि तेही चुलीशिवाय!

एवढे काम ड्रायव्हरचा पाय करवून घेतो. पायाचा जोर किती? बसल्या बसल्या सहज दाबला तर वीस-तीस किलो. तीस किलोच्या जोराने दीड हजार किलोची उतरती गाडी कशी थांबते? या प्रश्नाचे उत्तर मोटारीत शोधण्याआधी आपण खामगावला जाऊ.

खामगाव ही कापसाची जुनी पेठ. या पेठेसाठी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला. सरकी काढलेली रुई फुगीर असते. ती तशीच वाघिणीत भरली तर वाघीण भरते आणि वजन मात्र होत नाही. म्हणून प्रेसिंगच्या कारखान्यात ती दाबून तिच्या घट्ट गाठी बांधतात. आज अशी एक गाठ साधारण १७० किलोंची असते. रुईला एवढे दाबणारे यंत्र म्हणजे द्रवाच्या दाबाचा प्रेस. इंग्लंडमधल्या जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिराने १७९५ साली त्याचे पेटंट घेतले. आणि त्यामागचे तत्त्व त्याहूनही जुने आहे. ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाने ते मांडले. पास्कल १६६२ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला आणि त्याचा यावरील ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

पास्कलचे म्हणणे असे. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो दाब न घटता सगळीकडे सारखा पोहोचतो. येथे 'दाब' आणि 'जोर' हे दोन शब्द निरनिराळे ठेवले पाहिजेत. जोर म्हणजे एकूण ढकलणे. दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर येणारा जोर. दाब सगळीकडे सारखा असतो. पण ज्या दट्ट्याचे तोंड मोठे, त्याच्या वाट्याला चौरस सेंटिमीटर जास्त येतात, म्हणून त्याला एकूण जोर जास्त मिळतो. प्रेसमध्ये बारीक दट्ट्याने तेल ढकलायचे आणि ते जाड दट्ट्याखाली पोहोचवायचे, एवढीच युक्ती आहे. शेतातली ट्रॉली मागून उचलून माल ओतणारा जॅक आपण पाहिला असेल. तोही याच घराण्यातला.

मग जोर वाढला तो आला कोठून? तो फुकट आलेला नाही. पहारीने दगड हलविताना आपण लांब टोक हातभर खाली नेतो, तेव्हा दगड चार बोटे उचलला जातो. जोर वाढला, चाल घटली. तेलाचेही असेच आहे. बारीक दट्ट्या पुष्कळ अंतर सरकवावा, तेव्हा जाड दट्ट्या थोडासा हलतो. आजच्या बोलण्यातले हे मुख्य सूत्र आहे, ते लक्षात असू द्यावे: जेवढा जोर वाढवाल तेवढी चाल खर्च होईल.

हीच युक्ती मोटारीच्या ब्रेकला लावण्याचा मान अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडकडे जातो. १९१७ साली त्याने तेलाच्या ब्रेकचे पेटंट घेतले. १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग नावाच्या मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसले. त्याआधी तारा आणि सळया यांनी ब्रेक ओढले जात. एका चाकाची तार सैल, दुसऱ्याची घट्ट, अशी नेहमीची कटकट असे. तेलाचा दाब मात्र चारही चाकांना एकाच क्षणी सारखा पोहोचतो. सुधारणा होती ती ही.

आता जीपचा ब्रेक उघडून पाहू. पेडलच्या मागे एक नळकांडे असते, तो मास्टर सिलिंडर. पेडल दाबले की त्यातला दट्ट्या तेल पुढे ढकलतो. बारीक नळ्यांतून ते तेल चारही चाकांकडे जाते. प्रत्येक चाकात एक लहान सिलिंडर असतो, तो व्हील सिलिंडर. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक दट्ट्या. तेल आले की दोन्ही दट्टे बाहेर सरकतात आणि लायनर लावलेले दोन ब्रेक शू ड्रमला आतून घासतात. पेडल सोडले की स्प्रिंग शूंना मागे ओढते आणि तेल परत मास्टर सिलिंडरकडे येते.

सिलिंडरचे माप म्हणजे त्याच्या आतल्या भोकाचा व्यास. मिस्त्री लोक त्याला 'बोअर' म्हणतात. जुन्या विलिज जीपचा मास्टर सिलिंडर एक इंच बोअरचा, पुढच्या चाकांचे सिलिंडर एक इंचाचे आणि मागच्या चाकांचे पाऊण इंचाचे. ही मापे गुदामात जे सापडले त्यावरून ठरविलेली नाहीत. त्यांमागे हिशेब आहे.

हिशेब करू या. एक इंच बोअरचे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर. पाऊण इंचाचे २.८५. व्यास एक-चतुर्थांशाने कमी झाला, पण क्षेत्रफळ मात्र जवळजवळ निम्म्यावर आले. कारण वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. एकास पाऊण म्हणजे चारास तीन. त्यांचे वर्ग सोळा आणि नऊ. शिक्षकबंधूभगिनींनी हे उदाहरण फळ्यावर अवश्य मांडावे. 'वर्ग कशाला शिकायचा?' या प्रश्नाला याहून चांगले उत्तर नाही.

समजा, पायाचा जोर ३० किलो आहे आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट होतो. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५० किलो जोर आला. १५० ला ५.०७ ने भागा. दाब आला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलो. हाच दाब पुढच्या चाकाच्या एक इंची सिलिंडरमध्ये गेला की प्रत्येक शूला १५० किलोचा रेटा मिळतो. मागच्या पाऊण इंची सिलिंडरमध्ये तोच दाब सुमारे ८४ किलोचा रेटा देतो.

आता चालीचा हिशेब. शू ड्रमला टेकेपर्यंत प्रत्येक दट्ट्याला एक मिलिमीटर सरकावे लागते असे धरा. चारही चाकांचे मिळून सुमारे ३.२ घनसेंटिमीटर तेल लागेल. म्हणजे लहान चमचाभर सुद्धा नाही. एवढे तेल पाठविण्यासाठी मास्टरचा दट्ट्या सव्वासहा मिलिमीटर सरकतो, आणि पेडल त्याच्या पाचपट, म्हणजे तीन सेंटिमीटरांहून किंचित जास्त खाली जाते. पाय सुखात, गाडीही सुखात.

येथे आपला नेहमीचा संवाद सुरू होतो. ड्रायव्हर गॅरेजात येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, ब्रेक लय जड आहे हो. पाय दुखून येते." एखादा हुशार मिस्त्री म्हणतो, "थांब ना भाऊ, बारीक बोअरचा मास्टर टाकून देतो. मंग पाहा, लोण्यावानी होते." आणि मिस्त्रीचे म्हणणे अर्धे खरे असते. पाऊण इंचाचा मास्टर बसविला की १५० किलोंना २.८५ ने भागावयाचे. दाब ५३ किलोंच्या घरात जातो. ब्रेक खरोखरच हलका होतो. गावात एक फेरी मारून ड्रायव्हर खूष होतो.

परंतु उरलेले अर्धे सत्य घाटात भेटते. तेच ३.२ घनसेंटिमीटर तेल पाठविण्यासाठी बारीक दट्ट्याला आता अकरा मिलिमीटर सरकावे लागते, आणि पेडल साडेपाच सेंटिमीटर खाली जाते. तेही शू नीट जवळ आणलेले असतील तर. लायनर झिजले आणि एक मिलिमीटरचे अंतर दोन झाले, म्हणजे पेडलला अकरा सेंटिमीटर जावे लागेल. त्यात पेडलची सुरुवातीची मोकळी चाल मिळवा. रबरी पाइप दाबाखाली जरासे फुगतात, ते मिळवा. उतारावर ड्रम तापून रुंदावतो, म्हणजे शूपासून आणखी दूर जातो, तेही मिळवा. पेडल फळीला टेकते आणि शू अजून ड्रमला नीट भिडलेला नसतो. पायात जोर आहे, तेलात दाब देण्याची शक्तीही आहे; पण चाल संपली. पुढे दाबायला जागाच नाही.

उलट चूकही होते. "मोठा सिलिंडर म्हणजे मोठा ब्रेक" असे समजून कोणी मास्टरच मोठा बसवतो. मग पेडल दोन बोटांत टणक लागते आणि ड्रायव्हरला वाटते, ब्रेक काय झकास झाला! प्रत्यक्षात दाब घटलेला असतो. टणक पेडल म्हणजे जोरदार ब्रेक नव्हे. दीड हजार किलोंची गाडी थांबवायला आता पायाने दीडपट जोर लावावा लागतो, आणि घाबरलेल्या क्षणी तो लागेलच याचा भरवसा नाही.

लक्षात घ्या, की पाऊण इंच आणि एक इंच यांतला फरक निदान डोळ्यांना दिसतो. पण या दोहोंच्या मध्ये सात-अष्टमांश इंचाचाही सिलिंडर मिळतो. एक इंच आणि सात-अष्टमांश इंच यांत फरक तीन मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याएवढा. बाहेरून दोन्ही सिलिंडर सारखेच दिसतात. बोल्टही बसून जातात. पण दाबात आणि चालीत फरक पडतो तो तीस टक्क्यांचा. म्हणून 'बसतो का?' हा प्रश्न पुरेसा नाही. 'माप काय?' हा प्रश्न विचारला पाहिजे. बहुतेक सिलिंडरांच्या अंगावर ते ओतीव अक्षरांत लिहिलेले असते.

आता पुढचे-मागचे पाहू. पुढच्या चाकांना मोठा सिलिंडर आणि मागच्यांना लहान, हे का? धावत्या बैलगाडीला एकदम थांबविले की आतली माणसे पुढे झुकतात, हे आपण जाणतो. मोटारीचे वजनही ब्रेक लावताच पुढे झुकते. उभ्या जीपचे वजन पुढे-मागे निम्मे-निम्मे धरले, तरी कडक ब्रेक लावला की जवळजवळ दोन-तृतीयांश भार पुढच्या चाकांवर येतो. घाटाच्या उतारावर तर आणखीच. ज्या चाकावर भार जास्त, त्याची रस्त्यावरची पकड जास्त, म्हणून ब्रेकही त्यालाच जास्त द्यावा. सोळास नऊ हे प्रमाण शेकड्यात मांडा: पुढे ६४, मागे ३६. म्हणजे ज्याने मापे ठरविली त्याने वजनाच्या झुकण्याप्रमाणेच ब्रेक वाटून दिला आहे.

आता समजा, मागचा पाऊण इंची सिलिंडर मिळाला नाही म्हणून कोणी तेथे एक इंची बसवला. मागच्या चाकांचा रेटा पावणेदोनपट झाला, आणि तोही जेथे भार हलका झालेला आहे तेथे. पावसाळ्यात ओल्या डांबरावर ब्रेक दाबताच मागची चाके जागच्या जागी आवळली जातात. फिरणारे चाक आपल्या दिशेला धरून राहते. आवळलेले चाक साबणावरच्या पायासारखे कोणत्याही दिशेला घसरते. पुढची चाके फिरत आहेत, मागची घसरत आहेत, अशा वेळी गाडीचा मागचा भाग पुढच्याला ओलांडू पाहतो आणि गाडी गर्रकन फिरते. घाटात फिरायला जागा किती असते, ते आपणांस ठाऊक आहे.

डाव्या-उजव्याचेही असेच. एका बाजूचा सिलिंडर गळू लागला म्हणून तेवढाच बदलला आणि तो भलत्या मापाचा निघाला, तर ब्रेक दाबताच स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाते. एका बाजूला दरी आणि एका बाजूला कडा, अशा रस्त्यावर दोन्हींकडचे ओढणे सारखेच वाईट.

शौकाने जपलेल्या जुन्या मोटारींची गोष्टही येथे सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या एम. जी. सारख्या जुन्या स्पोर्ट्स मोटारींना सुरुवातीला असेच ड्रमचे ब्रेक असत. १९५३ साली फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार मोटार डिस्क ब्रेक लावून जिंकली आणि डिस्कचा बोलबाला झाला. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी लोखंडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. वारा लागल्याने ती लवकर निवते. तेव्हापासून आजतागायत जुन्या मोटारीला, आणि आपल्याकडे जुन्या जीपलाही, डिस्क बसवून घेण्याची हौस चालू आहे. हौस चांगलीच आहे. पण सिलिंडरचा हिशेब येथे नव्याने मांडावा लागतो.

कारण असे, की ड्रममध्ये फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःच आपल्याकडे ओढून घेतो. एकदा टेकला की घर्षणानेच तो अधिक आवळला जातो. म्हणजे ड्रमला थोडी आयती मदत मिळते. डिस्कला ती मुळीच मिळत नाही. म्हणून डिस्कचा दट्ट्या पुष्कळ मोठा करावा लागतो. ४८ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या घेतला तर त्याचे क्षेत्रफळ १८ चौरस सेंटिमीटर भरते, जीपच्या एक इंची सिलिंडरच्या साडेतीनपट. त्याशिवाय पायाला मदत करणारा बूस्टरही बहुधा लागतो. आणखी एक खाच आहे. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक लहान झडप असते. पेडल सोडल्यावरही ती नळ्यांत थोडा दाब राखून ठेवते. ड्रमला ते सोयीचे, कारण शू मागे ओढणारी स्प्रिंग तेथे असते. डिस्कला अशी स्प्रिंग नाही. जुना मास्टर तसाच ठेवून डिस्क लावली, तर त्या उरलेल्या दाबाने पॅड थाळीला घासतच राहतात आणि घाट लागण्यापूर्वीच ब्रेक तापून बसतो. महागडी डिस्क घेतली आणि मास्टरचे माप पाहिले नाही, तर पैसे देऊन धोका विकत घेतल्यासारखे होते.

सिलिंडर जुना झाला की आतून गंजतो, खड्डे पडतात. मग नवीन रबर घातले तरी गळती थांबत नाही. अशा वेळी सिलिंडर आतून कातून त्यात स्लीव्ह बसविण्याची पद्धत आहे. ती चुकीची नाही. मात्र स्लीव्ह बसविल्यावर आतले भोक मूळ मापाचेच राहिले पाहिजे. नुसते घासून घासून भोक वाढविले, तर रबरी वॉशर सैल पडतो आणि दाबाखाली तेल मागे सरकते.

तेलाविषयीही दोन शब्द. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण पुरेसा ओलावा शोषल्यावर तेच तेल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. मघाचा तो हंडाभर उष्णतेचा हिशेब आठवा. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल स्पंजासारखे खाली जाते आणि चाकांपर्यंत दाब पोहोचत नाही. म्हणून हे तेल निदान दोन वर्षांनी बदलावे. आणि ब्रेकमध्ये इंजिनाचे ऑईल, डिझेल किंवा रॉकेल कधीही घालू नये. त्यांनी सिलिंडर धुऊही नये. त्याने रबर फुगते आणि दट्टे अडकतात.

जुन्या जीपला एकच तेलमार्ग असे. एक नळी फुटली की चारही चाके गेली. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र तेलमार्ग सक्तीचे झाले. आजच्या मोटारींतही दोन मार्ग असतात, म्हणजे एक फुटला तरी दुसरा काही प्रमाणात काम देतो. जुन्या गाडीला दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घेता येतो. ही सुधारणा खरोखर करण्यासारखी आहे. अट एकच, बोअरचे माप जुळले पाहिजे.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्याव्यात, एक २ मिलिलिटरची, एक १० मिलिलिटरची. दोन्हींच्या तोंडांना सलाइनच्या नळीचा तुकडा जोडावा आणि आत पाणी भरावे. हवा राहू देऊ नये. वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाच्या हाती मोठी सिरिंज द्यावी आणि सर्वांत लहान मुलीच्या हाती बारीक. दोघांनीही दट्टे आत दाबावेत. ती मुलगी जिंकते, आणि वर्ग जागा होतो! मग दट्टे किती सरकले ते पट्टीने मोजावे. बारीक दट्ट्या पुष्कळ सरकला, मोठा थोडा. क्षेत्रफळ काढण्यासाठी आतला व्यास मोजण्याचीही गरज नाही. सिरिंजवर १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि १० ला तिने भागावे, क्षेत्रफळ मिळते. रबराच्या घर्षणामुळे जोराचा ताळा तंतोतंत जुळणार नाही. चालीचा मात्र छान जुळतो. शेवटी नळीत मुद्दाम एक हवेचा बुडबुडा सोडून पुन्हा दाबून पाहावे. ब्रेकमधली हवा का काढावी लागते, ते मुले जन्मभर विसरणार नाहीत.

आणि गाडी चालविणाऱ्या बांधवांसाठी तीन खुणा. घाटमाथ्यावर, गाडी उभी असताना, पेडल दाबून अर्धा मिनिट तसेच धरावे. ते हळूहळू खाली बसू लागले, तर मास्टरचे रबर गेले आहे किंवा कोठे तरी गळती आहे. पेडल स्पंजासारखे लागले, तर आत हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर आले, तर शू ड्रमपासून दूर गेले आहेत, ते जवळ आणून घ्यावेत. या तिहींपैकी एकही खूण दिसली, तर गाडी घाटात घालू नये. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. म्हणजे त्या हंडाभर उष्णतेचा मोठा वाटा इंजिन स्वतःकडे घेते. आणि उतरताना पेडलने दगा दिलाच, तर ते भराभर पंप करावे, गिअर आणखी खालचा घ्यावा आणि हँडब्रेक ओढावा. हँडब्रेकचा या तेलाशी संबंध नसतो, हे त्या वेळी आठवले पाहिजे.

गॅरेजात सिलिंडर बदलून घेताना मात्र एकच गोष्ट करा. जुना सिलिंडर टाकू देऊ नका. जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींवरचे माप वाचा. माप पुसले असेल तर मिस्त्रीला आतले भोक मोजून दाखवायला सांगा. यात मिस्त्रीचा अपमान नाही. चांगला मिस्त्री स्वतःच मोजून दाखवतो. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्या गाडीत मागे बसून घाट उतरणारी सारी माणसे त्या पाच मिनिटांच्या भरवशावर असतात.